खुणेच्या एक हात वर

एका जंगलात एक जाळं तुटलं.

मोठं काही नाही, कोळ्याचं जाळं. तुमच्या घरी माळ्यावर असतं तसलंच. आई झाडूनं काढते आणि कुणी रडत बसत नाही. पण मुलांनो, हे जाळं तुटलेलं दिसलं आणि टिपकी जागच्या जागी उडाली.

टिपकी म्हणजे एक पिसोरी. पिसोरी माहीत आहे ना? दिसते हरणासारखी, पण असते सशाएवढी. अंगावर पांढरे ठिपके, पाय काडीसारखे आणि जीव कायम टांगणीला. पान पडलं की दचकते. पान पडलं नाही तर का पडलं नाही म्हणून दचकते. त्यात टिपकी शिकलेली. वडाखालच्या महाविद्यालयात कंपनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली. त्यामुळे बाकीच्या पिसोऱ्या नुसत्या दचकायच्या, ही कारणासकट दचकायची.

"काकू, तुमचं जाळं कशानं तुटलं?" तिनं विचारलं.

कोळीणकाकू एका धाग्याला लोंबकळत होत्या. "मला काय विचारतेस? तुझ्या त्या वेलीला विचार. आली सणकन वर, आणि माझं घर घेऊन गेली. न्याहारीसुद्धा होती गं त्यात."

"पण वेल इथपर्यंत येतच नाही."

"ते मला नको सांगूस. न्याहारीला सांग."

आता ही वेल कसली, ते आधी सांगते.

त्या जंगलातून एक नदी जायची. एरवी पाणी गुडघाभर. पण टेकडीपलीकडे कुठे पाऊस कोसळला, की इकडे लख्ख ऊन असतानाही लोंढा यायचा. यायचा तो न सांगता. सशाची शेपटी ओली होईपर्यंत ससा पार खालच्या गावात पोचलेला असायचा. म्हणून कुणा पूर्वजांनी एक लांबलचक वेल ताणून ठेवली होती. तिचं एक टोक टेकडीवर. तिथून ती खाली यायची, नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठावर जायची. दोन्ही काठांवर अर्जुनाचं एकेक झाड. दोन्ही खोडांवर चुन्याच्या दोन खुणा, एक वर आणि एक खाली. टेकडीवरून वेल ओढली, की दोन्ही काठांवर ती वरच्या खुणेला लागायची. म्हणजे 'थांबा, लोंढा येतोय'. सैल सोडली, की खालच्या खुणेला. म्हणजे 'या, पाणी नाही'.

बस, एवढंच. थांबा किंवा या. मधलं काही नाही.

अलीकडच्या झाडाखाली टिपकीची नेमणूक होती. वेल बघायची आणि आल्यागेल्याला मोठ्यानं सांगायचं. मोठ्यानं म्हणजे पिसोरीच्या मानानं मोठ्यानं. पलीकडच्या झाडाखालची जागा रिकामीच होती. ती भरण्याचा विचार चालू होता. टिपकीच्या आजीच्या वेळेपासून चालू होता.

वरच्या खुणेच्या जरा वर कोळीणकाकूंचं जाळं. त्यांच्या आईचंही तिथंच होतं. खालच्या खुणेच्या जरा खाली, दगडाच्या सावलीत, बेडूकतात्या. दोघंही निवांत. वेल वरच्या खुणेच्या वर कधी गेली नाही आणि खालच्या खुणेच्या खाली कधी आली नाही. कारण वेल ओढायचे गवा आजोबा. आजोबा वेल दातांत धरायचे आणि मागे मागे चालत जायचे. हळू. मध्ये थांबून थोडं गवतही खायचे. वेल खुणेला लागेपर्यंत काठावरच्या सशांची एक डुलकी व्हायची. पण लागली की लागली. तिथंच राहायची.

मग जंगलाच्या महाराजांना घाई झाली.

महाराज शेजारच्या जंगलात लग्नाला गेले होते. तिथली वेल म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत वरखाली होते. तिच्यावरून लोंढाच काय, मोहाची फुलं कुठे पडलीत तेही कळतं, मधाचा भाव कळतो, महाराजांचा मूड कळतो, आणि मूड बदलला तर तोही लगेच कळतो. महाराज परत आले ते तोंड पाडूनच. "आणि आपल्याकडे?" ते म्हणाले. "आपल्याकडे एक म्हातारा मागे मागे चालतो."

लगेच वेलखातं निघालं. प्रमुख म्हणून घोरपडबाई आल्या. त्या ज्या खुर्चीवर बसायच्या तिला चिकटायच्या, म्हणून त्यांना कधीच काढता येत नसे. गवा आजोबांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. आजोबांनी तिथंच शाल खाल्ली. त्यांच्या जागी आलं वेगवान वानर पथक. पथकाचे नायक झेपराव. त्यांची पद्धत एकदम आधुनिक. सगळे वानर वेल धरून उंच फांदीवर बसायचे, झेपराव ओरडायचे "हूऽऽप!" आणि सगळे एकदम खाली उडी टाकायचे.

वेल सणकन वर.

आता बघा हं. इतक्या जोरात वर गेलेली वेल खुणेपाशी थांबेल कशाला? तिला थांब म्हणणारं कुणी नाही. ती खुणेच्या एक हात वर जायची. मग चुकल्यासारखी खाली यायची, ती पुन्हा जास्तच खाली. मग वर. मग खाली. थरथर थरथर करत, दमली की एकदाची खुणेवर टेकायची. आणि सैल सोडली की हेच सगळं उलटं, बेडूकतात्यांच्या टाळक्यात.

"अगं ए शिकलेले," तात्या डोकं चोळत म्हणाले, "माझ्या डोक्यावर काही लिहिलंय का इथे मारा म्हणून?"

"तात्या, जरा बाजूला बसा ना."

"मी का बाजूला बसू? खूण तिथे आहे. मी खुणेच्या खाली आहे. माझं सगळं नियमात आहे!"

तेवढ्यात पाणी प्यायला आलेला सशांचा कळप नदीत उतरला. वेल वर गेली. ससे मागे फिरले. वेल खाली आली. ससे पुढे निघाले. वर. मागे. खाली. पुढे. शेवटी पुढचे ससे मागच्यांवर आदळले आणि सगळे मधोमध पाण्यात बसले.

"एकदा काय ते ठरवा रे!" त्यातला म्हातारा ससा ओरडला. "थांबा की या?"

"थांबा!" टिपकी म्हणाली. मग वेलीकडे बघून, "नाही, या! नाही नाही, थांबा!"

त्या दिवशी लोंढा नव्हता. महाराजांचा मूड बदलला होता, तो वेलीवरून कळवला, तेवढंच. ससे भिजले आणि घरी गेले. सगळे हसले. टिपकीला मात्र हसू येईना. कारण तिला तिची ताई आठवली.

टिपकीची मोठी बहीण करवंदी. तिचं सासर पलीकडच्या काठावर, वेळूच्या बनात. तिला नुकतंच पाडस झालं होतं. बारसं माहेरी करायचं ठरलं होतं, म्हणजे पौर्णिमेला करवंदी पाडसाला घेऊन नदी ओलांडणार. आणि करवंदी कशी, तर टिपकीच्या अगदी उलट. तिला कशाचीच घाई नाही नि कशाचीच भीती नाही. लहानपणापासून एका हाकेला ओ दिली असेल तर शपथ. आई हाका मारून मारून थकायची, तेव्हा कुठे झुडपातून "ओ" यायचं, तेही जांभई देत. अशी ताई, तिच्या मागे काडीकाडीच्या पायांचं पाडस, पलीकडे सांगायला कुणी नाही, आणि ही वेल. थांबा, या, थांबा, या.

टिपकीला त्या रात्री झोप आली नाही. एरवीही यायची नाही, पण त्या रात्री कारण होतं.

सकाळीच ती टेकडी चढून घोरपडबाईंकडे गेली. तिथे जाईपर्यंत ती वाटेत एका शेळीला, दोन फुलपाखरांना आणि स्वतःच्या सावलीला दचकली.

"मॅडम, वेल खुणेच्या वर जाते."

घोरपडबाईंनी मान वळवली. "वर म्हणजे? किती वर?"

"एक हात."

घोरपडबाईंचे डोळे चमकले. "काय सांगतेस! झेपराव, ऐकलंत का? खालून माहिती आली. आपण उद्दिष्टाच्या एक हात वर आहोत!"

"हूऽऽप!" सगळे वानर ओरडले. टिपकी उडाली आणि घोरपडबाईंच्या शेपटीवर पडली.

"नाही मॅडम, तसं नाही. म्हणजे वर गेलीच नाही पाहिजे. खूण आहे तिथेच थांबली पाहिजे. वर गेली की मग ती खालीही जाते. मग थांबा म्हणजे या होतं. हे तक्रार म्हणून सांगतेय मी."

"तक्रार?" झेपरावांना खरंच कळेना. "कमी पडलं तर तक्रार असते, ताई. जास्त झाल्याची तक्रार मी पहिल्यांदा ऐकतोय."

"तुम्ही आईला सांगता का," एक तरुण वानर म्हणाला, "की पुरणपोळी जास्त झाली म्हणून?"

"पोळी माझ्या पानात वाढली तर नाही सांगत," टिपकी कळवळून म्हणाली. "पण डोक्यावर वाढली तर सांगेनच ना!"

ते कुणी ऐकलं नाही. तोवर घोरपडबाईंनी हार मागवला होता. एक हार झेपरावांना घातला. आणि ही आनंदाची बातमी स्वतःच्या पायांनी चढून आणून दिली म्हणून दुसरा टिपकीला. हार तिच्यापेक्षा मोठा होता. ती त्यातून बाहेर पडेपर्यंत सभा संपली होती.

खाली आली तर तात्या म्हणाले, "काय झालं?"

"माझा सत्कार झाला," टिपकी म्हणाली आणि रडायला लागली.

पण खात्यानं काहीच केलं नाही, असं नाही हं. चार दिवसांनी दोन माकडं चुन्याची हंडी घेऊन आली. "वेल खुणेच्या वर जाते ना? मग खूणच वर घेऊ," असं म्हणाली. खूण एक हात वर घेतली. वानरांना ते कळलं, त्यांनी आणखी उंच फांदी धरली. वेल नव्या खुणेच्याही एक हात वर. मग खूण आणखी वर. खूण अशी चढत चढत पार शेंड्याला गेली, तिथे एक घार बसली होती, तिच्या पोटावर चुना लागला. तेव्हा चुना संपला. मग नव्या खुणा खरवडून जुनीच खूण ठेवली. फक्त तिच्याखाली नवी पाटी लावली: 'किमान'.

कोळीणकाकूंनी नवं जाळं विणलं. तुटलं. पुन्हा विणलं. पुन्हा तुटलं. "मी आता विणकाम करते की संन्यास घेते, तेच कळेना," त्या म्हणाल्या.

"काकू, जाळं दुसरीकडे विणा ना."

"तू ताईला दुसऱ्या नदीनं यायला सांग की!"

बरोबर होतं त्यांचं. दुसरी नदी नव्हती.

टिपकीनं वेलीवरूनही विचारून पाहिलं. वेलीला दातांनी धरून तिनं हळूच हिसका दिला. वर कुणी आहे का? उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. टेकडीवर फक्त मोठेच हिसके मोजायचे असा नियम निघाला होता. लहान हिसका म्हणजे वारा.

पौर्णिमा जवळ येत चालली. आणि एक दिवस, मुलांनो, एक विचित्र गोष्ट घडली.

वेल वर गेली. नेहमीसारखी सणकन. टिपकीनं डोळे मिटले. उघडले, तर वेल खुणेवर. वर नाही, खाली नाही. थरथरसुद्धा नाही. नुसती खुणेवर.

"कोण मेलं?" तात्यांनी दगडाखालून विचारलं.

पुन्हा खाली आली, ती तात्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर थांबली. तात्या इतक्या दिवसांच्या सवयीनं "आई गं" म्हणाले, मग ओशाळले.

टिपकी वेलीच्या कडेकडेनं धावत सुटली. पळसाच्या बनात, वेल जिथे जमिनीजवळून जाते तिथे, तिला अस्वल दिसलं. झिपरू अस्वल. सगळं जंगल त्याला ओळखायचं, कारण सगळ्यांच्या वाटेत तोच आडवा पडलेला असायचा. झिपरूनं पाठ वेलीला टेकली होती. समोर वारूळ होतं. तो एक मुंगी खायचा, पाठ घासायचा, आणि दुसरी मुंगी आपणहून येईल का याची वाट बघायचा. टेकडीवरून हिसका आला की वेल पुढे झेपावायची, आणि झिपरूच्या त्या गुबगुबीत पाठीत तिचा सगळा माज जिरायचा. पुढे जायचा तो फक्त निरोप.

"झिपरूकाका! तुम्ही हे काय करताय?"

झिपरू घाबरला. "काही नाही गं. आईशपथ काही करत नाहीये."

"वेलीला टेकलाय ना?"

"पाठ खाजत होती. उठू का?"

"नका! अजिबात उठू नका. तुम्ही काहीच करत नाहीये ना?"

"काहीच नाही."

"मग तेच करत राहा!"

झिपरूच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी असं म्हणालं होतं.

तीन-चार दिवस जंगलात सुख होतं. ससे सुके आले, सुके गेले. काकूंच्या जाळ्यात दव थांबायला लागलं. निरोप तेवढेच भराभर यायचे, पण 'थांबा' म्हणजे थांबा आणि 'या' म्हणजे या. टिपकीनं तर एकदा पान पडलं तरी फक्त कान हलवला.

मग टेकडीवर आरडाओरडा झाला. खाली पाहणी करणाऱ्या घारीनं बातमी नेली होती, की वेल आता फक्त शंभर टक्के वर जाते.

"फक्त शंभर?" घोरपडबाईंनी खुर्ची आणखी घट्ट धरली. "पौर्णिमेला महाराज स्वतः येणार आहेत बघायला, आणि फक्त शंभर?"

शोध झाला. झिपरू सापडला. त्याच्यावर आरोप ठेवला, की याने वेलीच्या उत्साहाला पाठ लावली. झेपराव म्हणाले, हाकलून द्या. पण घोरपडबाई उगाच प्रमुख नव्हत्या. त्यांनी झिपरूला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं वजन! हे वाया घालवायचं? याला पथकात घ्या. हाही उडी टाकेल. महाराजांसमोर वेल ढगाला लावू."

आणि त्यांनी झिपरूला बढती दिली. शिबिराला पाठवलं. गळ्यात पट्टा घातला.

हे ऐकलं आणि टिपकी हिशेब करायला लागली. एवढे वानर, त्यात अस्वल. वेल किती वर जाईल, किती वेळ थरथरेल आणि तेवढ्या वेळात किती वेळा 'या' म्हणेल?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती त्याला भेटायला गेली. झिपरू ताठ बसला होता. अस्वल ताठ बसलेलं फार वाईट दिसतं.

"काका, उद्या उडी टाकू नका."

"टाकावी लागेल गं. सांगितलंय तसं."

"आजपर्यंत कुणी सांगितलेलं एक तरी काम केलंत का?"

झिपरूनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मग नेमकी उद्याच कशाला सुरुवात करताय?"

"अगं, पट्टा दिलाय गळ्यात," झिपरू हळूच म्हणाला. "शिबिरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. घोषणा पण शिकवली. 'खुणेवर थांबेल तो मागे राहील.' माझी आई म्हणायची, हा कार्टा कधी हलायचा नाही. आज असती तर..." आणि त्यानं नाक पुसलं.

"उद्या माझी ताई येतेय, काका. पाडसाला घेऊन."

झिपरूनं गळ्यातला पट्टा चाचपला.

"पाठ खाजतेय का हो?" टिपकीनं विचारलं.

"भयंकर. पण कामावर पाठ घासायची नाही, असं शिकवलंय." मग त्यानं वेलीकडे एकदा पाहिलं. "टेकडीवर वेल नवीन आहे. जरा जास्तच खरखरीत आहे."

"हो ना?" टिपकी म्हणाली.

"पण मी आता सुधारलोय," झिपरू निश्चयानं म्हणाला, आणि टिपकी रडत रडत घरी आली.

पौर्णिमा उजाडली. लख्ख ऊन. महाराज टेकडीवर येऊन बसले. अलीकडच्या काठावर टाळ्यांचा सराव चालू झाला. काकूंनी पहाटेच जाळं विणून ठेवलं होतं, त्यात दवाचे थेंब अजून होते. "शेवटचं विणतेय," त्या म्हणाल्या. "हे गेलं की मी गुहेत राहायला जाणार." तात्यांनी डोक्यावर एक वाटोळा शिंपला घातला होता.

वेल खालच्या खुणेवर होती. या.

वेळूचं बन हललं. त्यातून करवंदी बाहेर आली. मागे पाडस, अडखळत. करवंदीनं झाडाकडे पाहिलं, वेल बघितली आणि पुढचे दोन पाय पाण्यात टाकले.

तेवढ्यात टिपकीच्या खुरांखाली काहीतरी बारीक थरथरलं. इतकं बारीक, की दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. पण ती पिसोरी होती आणि वर शिकलेली होती. टेकडीमागे लोंढा निघाला होता.

"ताई, मागे फिर!"

टाळ्यांचा सराव जोरात होता. पिसोरीचा आवाज तो केवढा. करवंदी पाण्यात थांबून पाडसाची वाट बघत होती. पाडसानं एक पाय पाण्यात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. त्याला मजा वाटत होती.

वर टेकडीवर ओरडा झाला. "हूऽऽप!"

वेल सुटली. मुलांनो, अशी सुटलेली ती कधी कुणी पाहिली नव्हती. सगळ्या वानरांनी महाराजांसाठी जीव काढून उडी मारली होती. वेल सणसणत वर आली. तात्यांनी शिंपला दोन्ही हातांनी धरला. काकू म्हणाल्या, "गेलं." टिपकीला डोळे मिटायचे होते, पण मिटेनात.

आणि मग, खूण जरा लांब असतानाच, वेल मऊ झाली. जणू वर कुणीतरी मोठ्ठं, केसाळ, गळ्यात पट्टा असलेलं, उडी टाकायचं विसरून तिला पाठ टेकून बसलं आणि सुखानं उसासा टाकला. वेल हळू झाली. आणखी हळू. खुणेला लागली.

थांबली.

जाळ्यातल्या दवाचा एकही थेंब पडला नाही.

टेकडीवरून घोरपडबाईंची किंकाळी ऐकू आली, "शंभर? महाराजांसमोर शंभर?" आणि झेपरावांची शिवी. झिपरूचं घोरणंही ऐकू आलं असतं, पण तेवढ्यात लोंढा आला.

लाल, फेसाळ, झाडंच्या झाडं घेऊन. काठावरची सगळी मंडळी पळाली. पलीकडचा काठ दिसेना. नुसते तुषार, नुसता आवाज. टिपकी खोडाला चिकटून उभी राहिली. वेल अजूनही खुणेवर होती, काठीसारखी स्थिर. एकदाच म्हणत होती, थांबा. पण ताईनं ते पाहिलं का? वेळेत पाहिलं का? पाडसाचा पाय त्या वेळी आत होता की बाहेर?

"ताई!" टिपकीनं हाक मारली.

काही नाही. एका हाकेला ताई ओ देतच नाही, ती स्वतःला म्हणाली. आईच्या हाकेलासुद्धा नाही.

"ताईऽ!"

पाणी नुसतं घोंघावत होतं. तात्यांनी डोक्यावरचा शिंपला काढून हातात धरला. काकू जाळ्यातून हलल्या नाहीत.

"करवंदीताईऽऽ!"

जन्मात इतक्या मोठ्यानं टिपकी कधी ओरडली नव्हती. स्वतःच्याच आवाजाला ती दचकली. पाण्यातून एक अख्खा उंबर गडगडत गेला. मग वाळकी पानं. मग नुसता फेस. तिनं पुन्हा हाक मारायला श्वास भरून घेतला.

आणि पलीकडून, वेळूच्या बनातून, जांभई देत कुणीतरी म्हणालं,

"ओ! अगं, ओरडतेस कशाला एवढी? पाडस झोपलंय."

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी खुणेवर नेमकं थांबू नका. त्याला कुणी हार घालत नाही, उलट खुलासा मागतात. खुशाल एक हात वर जा. फक्त जाताना मागे कुठेतरी पाठ टेकून बसलेला एखादा आळशी असू द्या, आणि काहीही झालं तरी त्याला शिबिराला पाठवू नका.